जुना सबवूफर बदलायचा की ठेवायचा? दुकानात जाण्याआधी घरी करायच्या तपासण्या

माझ्या मावसभावाचं लालबागचं जुनं घर रिडेव्हलपमेंटला गेलं. काही वर्षं भाड्याच्या जागेत काढून तो परत आला तो एकविसाव्या मजल्यावर. सामान लावून झालं, टीव्ही भिंतीवर चढला, स्पीकर जोडले आणि त्याच रात्री मला फोन आला, "दादा, सब गेला वाटतं. तो खोल गडगडाट येतच नाही, नुसती एकसुरी धमधम उरलीय. नवीन कुठला घेऊ?"

सब, म्हणजे फक्त खालचे, खोल सूर वाजवणारा सबवूफर, २००९ साली घेतलेला, १० इंची, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला. जुन्या घरातल्या १० बाय १२ च्या खोलीत तो लावला की फळीवरची भांडी वाजायची. मी रविवारी गेलो, सिनेमातला एक स्फोटाचा प्रसंग लावला आणि घरभर फिरलो. स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो तर पोटात हादरा बसत होता. सोफ्यावर बसलो की तो गायब. सब ठणठणीत होता. नव्या हॉलमध्ये सोफा नेमका अशा जागी आला होता जिथे खालचा आवाज स्वतःच स्वतःला खोडतो. दोन तास हलवाहलव केली आणि नवा सब घ्यायचा विचार त्याने सोडून दिला.

माझ्या स्वतःच्या घरी मात्र उलटं झालं होतं. तिथे कितीही हलवाहलव करून उपयोग नव्हता, सब बदलणं भागच होतं. ही दोन घरं वेगळी कशी ओळखायची, ते नव्याने या वाटेला लागलेल्यांसाठी क्रमाने लिहितो. क्रम मोडू नका. पुष्कळ जण शेवटच्या पायरीपासून, म्हणजे दुकानातून, सुरुवात करतात आणि नवा सब आणून त्याच चुकीच्या कोपऱ्यात ठेवतात.

पहिली पायरी: तुमच्याकडे नक्की कुठला सब आहे?

सब पुढे ओढा आणि मागची बाजू बघा. वीजेची स्वतःची वायर, आवाजाचं बटण, क्रॉसओव्हरचं बटण (कुठल्या सुराच्या खालचा आवाज सबने वाजवायचा ते ठरवणारं) आणि गोल आरसीए भोक असेल, तर तो अ‍ॅक्टिव्ह सब. हा कुठल्याही रिसीव्हरच्या, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या मुख्य डब्याच्या, 'सबवूफर आउट'ला चालतो. पुढची बहुतेक माहिती याच्यासाठी आहे.

वीजेची वायरच नसेल आणि फक्त दोन तारा किंवा रंगीत क्लिप असेल, तर तो पॅसिव्ह. डीव्हीडी प्लेअरसकट एकाच खोक्यात मिळणाऱ्या सेटमधले सब बहुधा असेच असतात. त्यांना लागणारी ताकद त्या मुख्य डब्यातून येते आणि त्यांचा रोध पुष्कळदा ३ ओहमसारखा कमी असतो. नव्या रिसीव्हरच्या सबवूफर आउटमधून फक्त सिग्नल येतो, ताकद येत नाही, म्हणून हा सब तिथे जोडून गप्पच राहणार. माझ्या सेटचा डीव्हीडी भाग बंद पडल्यावर दुकानदाराने सांगितलं, "नवा रिसीव्हर घ्या, सब स्पीकरच्या टर्मिनलला लावा, चालेल." लावला. आवाज थोडा वाढवला की रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद पडायचा. असा सब असेल आणि मूळ सेट बंद पडला असेल, तर त्याच्यावर आणखी खर्च करू नका. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन त्याला चालवता येतं खरं, पण तेवढ्या पैशात बरा सब मिळतो.

आणखी दोन प्रकार लक्षात ठेवा. काही ५.१ सेटमध्ये सबच्या पेटीतच सगळ्या स्पीकरांचा अ‍ॅम्प्लिफायर असतो; तिथे सब काढला तर पाचही स्पीकर मुके होतात. साउंडबारबरोबर आलेला वायरलेस सब साधारणपणे त्याच कंपनीच्या ठरावीक बारशीच जुळतो. या दोन्ही ठिकाणी फक्त सब बदलता येत नाही, अख्खा सेट बदलायचा की नाही हा प्रश्न असतो.

दुसरी पायरी: तक्रार शब्दांत मांडा

एका कागदावर लिहा. 'बेस चांगला नाही' एवढं लिहून भागणार नाही. एकच सूर धमधमतो का? आवाज फाटतो का? काहीच लावलेलं नसताना 'घूंऽ' असा आवाज येतो का? रात्री कमी आवाजात बेस नाहीसा होतो का? की सगळं ठीक आहे, पण सिनेमातला भूकंप पोटापर्यंत पोचत नाही? या पाचांपैकी शेवटची एकच तक्रार खऱ्या अर्थाने नवा सब मागते. धमधम बहुतेक वेळा जागेची असते, घूं वायरिंगची किंवा अ‍ॅम्प्लिफायरची, कमी आवाजातली तक्रार कानाची आणि सेटिंगची. फाटणारा आवाज तर कधीकधी सबचा नसतोच.

तो कुठून येतो, हे आधी शोधा. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, ३.५ मिलिमीटर ते आरसीए वायरने फोन थेट सबला जोडा आणि आवाज अगदी कमी ठेवून १०० हर्ट्झपासून हळूहळू ३० पर्यंत खाली या (हर्ट्झचा आकडा जितका लहान, तितका सूर खोल). (लहान सबला २० हर्ट्झ जोरात देऊ नका. पोर्टवाल्या, म्हणजे पेटीला हवेचं भोक असलेल्या, सबचा पडदा त्याच्या ठरलेल्या सुराच्या खाली बेलगाम हलतो आणि कॉइलला, म्हणजे पडदा हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला, इजा होऊ शकते.) घरात दुसऱ्या कुणाला फिरायला सांगा. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, शोकेसची काच, माळ्यावरचे डबे, एसीची जाळी, यातलं काहीतरी एका ठरावीक सुराला थरथरतं आणि आपण म्हणतो सब फाटला. मावसभावाच्या घरी ४४ हर्ट्झला बाल्कनीची खिडकी वाजत होती. रुळात रबराची पट्टी बसवली आणि थरथर थांबली.

तिसरी पायरी: सबची प्रकृती

पुढची जाळी काढा. कोनभोवती, म्हणजे पुढच्या हलणाऱ्या पडद्याभोवती, जी लवचीक कडा असते, तिला सराउंड म्हणतात. ती रबराची असेल तर ती दशकानुदशकं टिकते. फोमची असेल तर मुंबईत तिचं आयुष्य कमी. आपल्या दमट हवेत फोम आतून तुटत जातो, आधी चिकट होतो, मग बोट लावलं की भुगा पडतो. समुद्राजवळच्या घरात तर मागची आरसीए भोकंही हिरवी-काळी पडलेली दिसतात. एकदा पुसून, वायर चार वेळा काढून-घालून बघा. मधूनमधून आवाज जाण्याचं कारण पुष्कळदा तेवढंच असतं.

सब बंद ठेवून दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवा आणि अगदी हलकेच, सरळ आत दाबा. सहज आत-बाहेर झाला तर उत्तम. खरखर लागली तर कॉइल घासते आहे. मल्टीमीटर असेल तर आतली तार सुटी करून ड्रायव्हरचा, म्हणजे कोन, कॉइल आणि चुंबक मिळून झालेल्या स्पीकरचा, रोध मोजा: ४ ओहमचा ड्रायव्हर साधारण ३ ते साडेतीन दाखवतो, ८ ओहमचा ६ च्या आसपास. काहीच दाखवलं नाही तर कॉइल जळली.

नुसता फोम गेला असेल तर सब टाकू नका, हे मी हात जोडून सांगतो. चांगल्या ड्रायव्हरचा चुंबक आणि कॉइल शाबूत असतात, आणि फक्त कडा बदलून तो पुन्हा वाजू लागतो. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर आणि त्याच्या गल्ल्यांमध्ये, हे काम करणारे कारागीर आहेत. पेटी न्यायची गरज नाही. स्क्रू काढा, तारांवर प्लस-मायनसची खूण करा, फोटो काढा आणि फक्त ड्रायव्हर टॉवेलात गुंडाळून, तोंड वर करून न्या. चुंबक जड असतो, पाकीट आणि कार्ड त्यापासून लांब ठेवा. दुपारची लोकल बरी, सकाळच्या गर्दीत कुणाचा तरी कोपर कोनमधून आरपार जाईल. कारागिराला दोन गोष्टी विचारा: नवी कडा मूळ मापाची आणि तेवढीच मऊ आहे का, आणि चिकटवताना कॉइल मधोमध कशी धरणार. जाड, कडक कडा लावली तर सबचा खालचा सूर वर सरकतो आणि सब नीट असूनही बेस हलका होतो.

घूं असा आवाज असेल तर आरसीए वायर उपटा. आवाज तसाच राहिला तर दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या पाटीत (सर्किट बोर्डात), बहुधा उष्णतेने सुकलेल्या कपॅसिटरमध्ये. हे काम फार महाग नसतं, पण पाटी स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब साठलेला राहू शकतो. वायर उपटल्यावर आवाज थांबला तर दोष दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये आहे. आता केबल टीव्हीची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. आपल्याकडे बऱ्याच वेळा तीच गुन्हेगार निघते. सब आणि रिसीव्हर एकाच बोर्डावर घ्या. कुणी अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला दिला तर ऐकू नका, घूं थांबेल पण शॉक लागायची सोय होईल.

दुरुस्तीचा खर्च त्याच दर्जाच्या नव्या सबच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असेल तर मी दुरुस्ती करतो. कॉइल आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही गेले असतील तर सोडून देतो.

चौथी पायरी: जागा

यावर मी सर्वात जास्त लिहिणार आहे, कारण सर्वात जास्त पैसे इथेच वाचतात.

आवाजाची लाट खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकली की एका ठरावीक सुराला खोली स्वतःच घुमते. तो सूर काढायची रीत सोपी आहे: ५६५ या आकड्याला भिंतींमधल्या अंतराच्या फुटांनी भागा. १० फुटांना साडेछप्पन हर्ट्झ येतात, १५ फुटांना ३८, १८ फुटांना ३१. आता मुंबईतला हॉल आठवा. रुंदी १० फूट, छताची उंची ९ ते साडेनऊ. म्हणजे रुंदीचा सूर ५७ ला आणि उंचीचा ६० च्या आसपास. दोन्ही सूर जवळजवळ एकमेकांवर बसतात. आपल्या घरांमध्ये सगळ्यांना जी एकसुरी धमधम ऐकू येते, तिचं मूळ या मापांत आहे. भिंती विटांच्या आणि काँक्रीटच्या, त्यामुळे बेस आत शोषला जात नाही, परत फिरतो. पडदे, गालिचा, भिंतीला लावलेले अंड्यांचे ट्रे यांचा १०० हर्ट्झच्या खाली काही उपयोग नाही. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटरहून लांब असते, तिला अर्ध्या इंचाचं कापड काय अडवणार?

या घुमण्यात भिंतीजवळ आवाज सर्वात जास्त असतो आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्ये जवळजवळ शून्य. मावसभावाचा हॉल १८ फूट लांब, १० फूट रुंद. टीव्ही लांब भिंतीवर, समोर दुसऱ्या लांब भिंतीला टेकून सोफा, लांबीच्या अगदी मधोमध. म्हणजे ३१ हर्ट्झच्या लाटेचं शून्य बरोबर सोफ्यावर. उलट सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, म्हणून ५७ हर्ट्झ तिथे शिगेला. सब कोपऱ्यात, जिथून सगळे सूर सारख्याच जोराने उठतात. त्याची तक्रार शब्दशः खरी होती: गडगडाट गेला, धमधम उरली.

आम्ही सोफा लांबीच्या दिशेने अडीच-तीन फूट सरकवला आणि सब कोपऱ्यातून काढून बाल्कनीच्या बाजूच्या आखूड भिंतीच्या मधोमध ठेवला. तिथून तो रुंदीचा सूर उठवूच शकत नाही, कारण तो त्या सुराच्या शून्यात बसला आहे. लांबीचा ३१ हर्ट्झ मात्र पुरेपूर उठतो. वहिनींना सब बाल्कनीच्या वाटेत आवडला नव्हता. आवाज ऐकल्यावर त्यांनी त्याच्यावर तुळशीचं रोप ठेवायचं म्हटलं, तेवढं मी नको म्हणालो. ओल आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचं जमत नाही.

तुमच्या खोलीचं गणित एवढं सरळ नसेल. दार उघडं असतं, हॉल जेवणाच्या जागेत मिसळलेला असतो, एक बाजू सबंध काचेची असते. तेव्हा गणित सोडा आणि ही जुनी युक्ती वापरा. सब उचलून सोफ्यावर ठेवा, जिथे तुम्ही बसता तिथेच. बेस भरपूर असलेलं ओळखीचं गाणं किंवा ३० ते ८० हर्ट्झचा फिरता टोन लावा. मग तुम्ही गुडघ्यांवर या आणि जिथे जिथे सब ठेवता येण्यासारखा आहे तिथे कान जमिनीजवळ नेऊन ऐका. जिथे प्रत्येक सूर वेगळा आणि सारखा ऐकू येतो, तिथे चिकटपट्टीची खूण करा. सब आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, म्हणून ही युक्ती चालते. जोरदार वाटेल ती जागा निवडू नका, सारखी वाटेल ती निवडा. जोर बटणाने वाढवता येतो. शून्य झालेला सूर बटणाने परत येत नाही. उलट तो वाढवायच्या नादात अ‍ॅम्प्लिफायर दमतो.

सोफा भिंतीला टेकलेला असेल आणि एक फूट जरी पुढे घेता आला, तरी घ्या. मुंबईत एक फूट म्हणजे काय ते मला माहीत आहे.

आणखी खोलात जायची हौस असेल तर रूम ईक्यू विझार्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आणि यूएसबीचा मोजणीचा माइक घेऊन खोलीचा आलेखच काढता येतो. फोनच्या माइकवर खालच्या सुरांसाठी विसंबू नका.

पाचवी पायरी: सेटिंग

रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' करा, मोठे दिसत असले तरी; म्हणजे त्यांचे खालचे सूर सबकडे जातात. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा. तुमचे स्पीकर मुठीएवढे असतील तर १२० च्या आसपास जावं लागेल, आणि तेव्हा सब टीव्हीजवळच हवा. ८० च्या खालचा आवाज कुठून येतो ते कानाला कळत नाही, त्याच्या वर कळायला लागतं. सबच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण मात्र पूर्ण वर न्या किंवा 'एलएफई' (सिनेमाच्या खालच्या सुरांचा वेगळा चॅनल) लिहिलेलं भोक वापरा. दोन्हीकडे गाळणी लागली की मधला भाग खाल्ला जातो, आणि जुन्या सबच्या 'पातळ' आवाजाचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. रिसीव्हरमध्ये एलएफईची वेगळी मर्यादा असेल तर ती १२० वर ठेवा. सिनेमाच्या त्या '.१' चॅनलमध्ये तिथपर्यंतचा आवाज असतो.

फेजचं, म्हणजे सबची लाट समोरच्या स्पीकरांच्या लाटेशी जुळवणारं, बटण ० आणि १८० वर फिरवून सोफ्यावरून ऐका. ८० हर्ट्झचा टोन समोरचे स्पीकर आणि सब दोघांतून वाजत असताना ज्या बाजूला जास्त भरीव वाटेल ती ठेवा.

मग गेन, म्हणजे सबच्या मागचं आवाजाचं बटण, अर्ध्यावर ठेवून रिसीव्हरची माइकवाली आपोआप मोजणी चालवा. सबची पातळी कुठल्याही टोकाला गेलेली दिसली तर गेन बदलून मोजणी पुन्हा करा. मोजणीने सबचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं तर ते 'सुधारू' नका, सबच्या आतल्या सर्किटला लागणारा उशीर त्यात धरलेला असतो. आणि सब मध्येच झोपत असेल, म्हणजे ऑटोवर असून कमी आवाजात जागा होत नसेल, तर रिसीव्हरमधली सबची पातळी थोडी वाढवा आणि तेवढाच सबचा गेन कमी करा.

सहावी पायरी: खालच्या मजल्यावर जा

ही पायरी परदेशी पुस्तकांत सापडत नाही आणि मुंबईत ती टाळता येत नाही. तुमच्या सबची खरी मर्यादा पुष्कळदा त्याचे वॉट नसून तुमच्या खालचं स्लॅब असतं. एक दिवस खालच्या काका-काकूंना विचारून त्यांच्या बेडरूममध्ये बसा आणि वर कुणाला तरी नेहमीच्या आवाजात सिनेमा लावायला सांगा. संवाद ऐकू येणार नाहीत. बेस मात्र येईल. ज्या आवाजाला तो तिथे टोचायला लागतो, ती तुमच्या घराची कमाल पातळी. त्या पातळीला जुना सब आरामात वाजत असेल तर जास्त जोराचा सब घेऊन काय करणार?

फोनवरच्या डेसिबल अ‍ॅपने स्वतःची समजूत घालू नका. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ही मोजणी 'ए' पद्धतीने होते, आणि त्या पद्धतीत ५० हर्ट्झचा आवाज प्रत्यक्षापेक्षा ३० डेसिबलने कमी धरला जातो. आकडा निमूट दिसतो आणि खाली पलंग हादरत असतो.

सबखाली जाड रबर किंवा घट्ट फोमची गादी घाला. फरशीतून थेट जाणारी थरथर त्याने कमी होते, शोकेसही कमी वाजतं. हवेतून जाणारा बेस त्याने थांबत नाही, तेव्हा गादीवर फार भरवसा ठेवू नका.

आता ती रात्रीची तक्रार. आवाज कमी केला की कानाला खालचे सूर इतर सुरांपेक्षा जास्त वेगाने कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवलं. म्हणून सोसायटीच्या मर्यादेत ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपला सब अपुरा वाटतो. रिसीव्हरमध्ये डायनॅमिक ईक्यू किंवा लाउडनेससारखी सोय असेल तर ती सुरू करा, नसेल तर रात्रीपुरती सबची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा. बाळ झोपलेलं असताना हळू आवाजात सिनेमा बघणाऱ्या आईबापांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो. मग दुकानाचा विषय पुष्कळदा निघतच नाही.

सातवी पायरी: आता बदलायचा असेल तर

इथपर्यंत सगळं करून किमान महिनाभर ऐका. त्यानंतरही ३५ हर्ट्झच्या खाली काहीच येत नसेल, किंवा तुमच्या घराच्या कमाल पातळीच्या आधीच सब धापा टाकत असेल, तर तो खरंच लहान पडतो आहे. आधी एक मात्र स्वतःला विचारा: मी ऐकतो काय? बास गिटारची सर्वात जाड तार ४१ हर्ट्झची. डग्ग्याचा घुमारा त्याच्याही वर. नाट्यसंगीत, भावगीतं, गझल ऐकणाऱ्या घराला २० हर्ट्झ गाठणाऱ्या पेटीची गरज नाही. तिथे नीट ठेवलेला ८ किंवा १० इंची सब वर्षानुवर्षं पुरतो. खोल गडगडाट हे सिनेमाचं क्षेत्र आहे.

बदलायचाच तर उडी मोठी घ्या. १०० वॉटवरून २०० वॉटवर गेल्याने फक्त ३ डेसिबल वाढतात, कष्टाने जाणवतील एवढे. तीच ८ इंचावरून १२ इंचावर उडी घेतली तर कोनचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि तेवढ्याच हालचालीत ७ डेसिबलच्या आसपास फायदा होतो. खाली उतरणं फार महाग असतं: ४० हर्ट्झऐवजी २० हर्ट्झ तेवढ्याच जोरात हवा असेल तर चौपट हवा ढकलावी लागते. म्हणून चिमुकल्या पेटीवर '२० हर्ट्झ' छापलेलं दिसलं तर किती डेसिबलच्या फरकाने, ते विचारा. 'उणे ३' असेल तर तो आकडा काही सांगतो, नुसता आकडा काहीच सांगत नाही. पीएमपीओचे, म्हणजे क्षणभरापुरते फुगवलेले, हजारो वॉट वाचूच नका, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, बघा.

बंद पेटी की पोर्टवाली? माझं मत स्पष्ट आहे: मुंबईच्या बंद दारांच्या छोट्या हॉलला किंवा बेडरूमला बंद पेटी. ती खाली हळूहळू उतरते आणि लहान खोली स्वतः खालच्या सुरांना जो आधार देते, त्याच्याशी तिचं चांगलं जमतं. पेटीही लहान. पोर्टवाली तेवढ्याच पैशात जास्त जोर देते, पण तिच्या ठरलेल्या सुराच्या खाली एकदम कोसळते, आणि ती जागा खाते. हॉल स्वयंपाकघर-पॅसेजकडे सताड उघडा असेल तर मात्र पोर्टवालीचा विचार करा, कारण तिथे खोलीचा आधार मिळत नाही.

एका मोठ्या सबऐवजी दोन मध्यम घेता आले तर तेही उत्तम. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सब खोलीची पहिली घुमण बऱ्याच अंशी मारतात आणि सोफ्याच्या तिन्ही जागांवर बेस सारखा होतो. जुना सब दुसरा म्हणून वापरायचा मोह होईल. दोघे साधारण सारख्या ताकदीचे असतील तरच जोडा. जुना ८ इंची आणि नवा १२ इंची एकत्र लावले की जुना ३० हर्ट्झला गुदमरतो आणि त्याचा फाटका आवाज नव्यावर सांडतो.

सेकंडहँड घ्यायला मी कधीच घाबरत नाही. मुंबईत लोक घर बदलतात, परदेशी जातात आणि चांगले सब निम्म्या किमतीत निघतात. जाताना फोन, टोनचं अ‍ॅप आणि आरसीए वायर बरोबर न्या. जाळी काढून कडा बघा, कोन दाबून बघा, काही न लावता सुरू करून घूं ऐका, मग ३० ते १०० पर्यंत टोन फिरवा. विकणाऱ्याला हे करू द्यायचं नसेल तर चहा पिऊन परत या. आणि लिफ्टचं माप आधी विचारा. १२ इंची पोर्टवाली पेटी तीन मजले खांद्यावरून उतरवणं पाठीला परवडत नाही.

नवा घेताना शोरूममधल्या मोठ्या, गाद्या लावलेल्या खोलीतला आवाज मनात धरू नका. घरी ऐकवायची किंवा काही दिवसांत परत घ्यायची तयारी असलेला दुकानदार दोन पैसे महाग पडला तरी चालेल. तसा सब घरी आणलात की तो थेट चिकटपट्टीच्या खुणेवर ठेवा, आपोआप मोजणी पुन्हा चालवा आणि पहिल्या शनिवारी खालच्या काकांकडे पुन्हा एकदा जाऊन बसा.

जुना पॅसिव्ह सब किंवा जळालेली पाटी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. ते ई-कचऱ्यात, अधिकृत गोळा करणाऱ्यांकडे जायला हवं. चांगला ड्रायव्हर आणि पेटी असेल तर टाकण्याआधी लॅमिंग्टन रोडच्या त्याच कारागिराला एकदा दाखवा. दुसऱ्याच्या सबमध्ये तो ड्रायव्हर कामाला येऊ शकतो. आणि जो सब ठेवाल, तो पावसाळ्यात चार महिने बंद ठेवू नका. आठवड्यातून एकदा तासभर तरी वाजवा, म्हणजे आतली पाटी कोरडी राहते आणि कागदी कोनवर बुरशी धरत नाही.